चातुर्मासातल्या शर्यती

कर्जत
२४ जून २०२५

कल्याण,

तुझ्या फोनची पाळी महिन्यातून एकदा येते आणि ती सोनईला आईकडेच जायला हवी, म्हणून मी पत्र लिहितेय. तुमच्या चौकीवर मोबाईल चालत नाही पण टपाल पोचतं, हे एका अर्थी बरंच. इतकं सगळं फोनवर मला सांगता आलं नसतं.

शनिवारी आम्ही दोघं काही कामानं नगरला गेलो होतो. परत येताना सोलापूर रोडला एका मंगल कार्यालयातून मधमाश्यांसारखा आवाज येत होता. यंदा लग्नाचे मुहूर्त लवकर संपले, मग आत काय चाललंय म्हणून डोकावले. मांडवाला घालतात तो हिरवा गालिचा हॉलभर अंथरलेला, कडेला पाण्याचे पाईप ठेवून वळणावळणाचा रस्ता केलेला, आणि त्यावर हातभर लांबीच्या गाड्या सुसाट पळत होत्या. चालवणारे सगळे नवरा-नवरीच्या स्टेजवर उभे. हातात बंदुकीसारखा रिमोट, त्याला बाजूला छोटं चाक. मी दीड तास उभी होते. हे म्हणाले, "चल, एसटी जाईल." मी म्हटलं, जाऊ द्या.

तू सिकंदराबादला वर्कशॉपात असताना रविवारी अशाच गाड्या पळवायचास ना? आम्ही तेव्हा तुला हसलो होतो. आता हसत नाही. मला शर्यत खेळायची आहे. तुझ्या भाचीला, सृष्टीला नाही, तुझ्या दाजींना नाही, मला. क्लब चालवणारा ओंकार सांगत होता, चातुर्मासभर हॉल रिकामा असतो, तोवर एक रविवार आड शर्यती होतात.

गाडी कुठली घेऊ? कमी पैशात, पण शर्यतीत उतरता येईल अशी. मोबाईलवर बघितलं तर जो तो स्वतःचीच विकतोय.

व्हॅन एप्रिलमध्येच विकली. शाळेनं स्वतःची बस घेतली. त्यामुळे आता रविवारच काय, सगळेच वार मोकळे आहेत.

जेवत जा नीट.

ताई

—

मार्फत ५६ एपीओ
७ जुलै २०२५

ताई,

पत्र वाचून दाखवलं तर बरोबरची पोरं म्हणाली, "साब, आपकी दीदी रेस करेगी?" मी म्हटलं, करेल, आणि तुमच्यापेक्षा बरी करेल.

पहिली गोष्ट म्हणजे आत्ता काहीही विकत घेऊ नकोस. मी सिकंदराबादला पहिल्याच आठवड्यात ताशी साठ किलोमीटर पळणारी गाडी आणली होती. ती मैदानात मजेत पळायची आणि गालिच्यावर पहिल्या वळणाला भिंतीत जायची. तिचा एकही पार्ट क्लबात कुणाकडे नव्हता. म्हणून दोन-तीन शर्यती नुसत्या बघ. जास्तीत जास्त लोकांकडे जी गाडी आहे तीच घ्यायची. तुझं काही मोडलं तर शेजारच्याच्या डब्यात ते सापडलं पाहिजे.

दुसरं, सगळ्यांना एकच साधी मोटार लावायची असा गट तिथं असेल तर त्यातच शीर. त्यात पैसा पळत नाही, हात पळतो.

पैसे कुठं घालायचे ते सांगतो. रिमोट आणि बॅटरीचा चार्जर चांगले घे, कारण गाडी बदलली तरी ते राहतात. गाडी साधीच घे, कारण ती आपटणार. बाकी तुला वेळच घालवायचा असेल तर एखादी खेळण्यातलीही चालेल, म्हणजे अंगणात मन रमेल.

पण मला कळत नाही, शाळेनं बस घेतली तर तुलाच ड्रायव्हर का नाही ठेवलं? अख्ख्या तालुक्यात तुझ्यासारखी गाडी कोण चालवतं? दुसरी व्हॅन घे. दुसऱ्या शाळा आहेत. मी पैसे पाठवतो. तू घरी बसणारी बाई नाहीस.

कल्याण

—

कर्जत
२१ जुलै २०२५

कल्याण,

अंगणात मन रमवायला मी काय तीन वर्षांची आहे? मला खेळणं नकोय. शर्यत करायचीय, असं मी स्पष्ट लिहिलं होतं.

आणि व्हॅनचा विषय पुन्हा काढू नको. विकली, संपलं.

तू सांगितलंस तसं नुसती बघत बसले, तुझं पत्र यायच्या आधीचा एक रविवार आणि कालचा एक. दोन गट आहेत. एकात ज्याला जे परवडेल ते, आणि त्या गाड्या डोळ्याला दिसायच्या आत गेलेल्या असतात. दुसऱ्यात सगळ्यांना चंदेरी डब्याची एकच साधी मोटार, एकाच जातीचे टायर. मी दुसऱ्यात. त्या गटात माझ्याशिवाय एकच बाई आहे, ज्ञानेश्वरी. तिचं सावेडीला औषधाचं दुकान आहे. चालवते अशी की पुरुष बाजूला होतात. पहिल्या दिवशी तिनं मला चहा दिला आणि म्हणाली, "ताई, इथं कुणी शिकवत बसत न्हाई. विचारलं की मात्र सगळे सांगतात."

आता निकडीचं. पार्थ म्हणून एक पोरगा नोकरीला बेंगळुरूला चाललाय. त्याची जुनी गाडी विकतोय. कार्बनचा सांगाडा, दोन पट्ट्यांवर चारही चाकं फिरतात, दिसायला देखणी. नव्या साध्या गाडीपेक्षाही कमीत देतो म्हणतो, आणि आपल्या गटात ती चालते. दुसरं गिऱ्हाईकही आहे म्हणे. तुझं उत्तर यायला वेळ लागेल हे कळतं. तरी लिही.

राखी सोबत घातलीय. पौर्णिमेच्या आधी पोचली तर नशीब.

ताई

—

मार्फत ५६ एपीओ
४ ऑगस्ट २०२५

ताई,

राखी वेळेत पोचली. इथं एकमेकांना बांधायची पद्धत आहे. तुझी मी पौर्णिमेला माझ्या वरिष्ठांकडून बांधून घेणार आहे. त्यांना मिशा आहेत, चालेल ना?

खेळण्याचं लिहिलं त्याबद्दल चुकलो.

पार्थची गाडी सोडू नकोस. कार्बनची, पट्ट्याची गाडी त्या भावात परत मिळायची नाही. मी तीन वर्षं तशा गाडीसाठी झुरलो होतो. लगेच घे.

एक गोष्ट मात्र पाठ कर. लिथियमची बॅटरी फुगली, चेपली की वापरायची नाही. चार्जिंगला लावून शेतात जायचं नाही. पत्र्याच्या डब्यात, फरशीवर, डोळ्यांसमोर. दाजींना बसव राखणीला.

कल्याण

—

कर्जत
२५ ऑगस्ट २०२५

कल्याण,

तुझं पत्र आलं तोवर मी गाडी घेऊन मोकळी झाले होते. पार्थची नाही.

चिडू नको, ऐक. विकणारा घाई करतो तेव्हा मी चहा मागते, ही माझी जुनी सवय. चहा येईपर्यंत मी गाडी उलटी करून एकेक चाक हातानं फिरवलं. मागचं उजवं चाक मधेच अडखळत होतं, खडा चावल्यासारखं. मी विचारलं, "याचा पार्ट नगरात कुणाकडं मिळंल?" तो म्हणाला, "काकू, हे मॉडेल बंद झालंय, बाहेरून मागवायचं. महिनाभरात येतं." चातुर्मास चारच महिन्यांचा. त्यातला एक पार्टची वाट बघण्यात घालवू? देखणी गाडी दारात उभी ठेवायला मी नवरी मुलगी बघायला गेले नव्हते.

क्लबातल्या बहुतेकांकडे आहे तीच घेतली, नवी. प्लॅस्टिकचा सांगाडा, मधून एक दांडा जातो आणि चारही चाकं फिरवतो. सुटे भाग खोक्यात आले. मी आणि यांनी तीन संध्याकाळी बसून जोडली. आतल्या प्लॅस्टिकच्या कड्या काढून बेअरिंगा घातल्या. उरलेले पैसे तू सांगितलंस तसे रिमोटला आणि चार्जरला. चाकं वळवणारी ती छोटी मोटार, सर्वो, तेवढी स्वस्तातली घेतली. तिथं मी चुकले. पहिल्याच शर्यतीत पाईपाला धडक बसली, आतले दाते उडाले आणि गाडी कसायाला बघितलेल्या शेळीसारखी एकाच बाजूला ओढायला लागली. शेवटून पहिली आले.

पण खरी अडचण सर्वोची नाही. गाडी माझ्यापासून लांब जाते तेव्हा सगळं बरोबर. माझ्याकडे तोंड करून यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं. इतकी वर्षं मी गाडीच्या आत बसले, कल्याण, बाहेर उभी राहिले नाही. हात गोंधळतात. म्हणून आता बाजाराचा दिवस सोडून रोज सकाळी बाजारतळावर जाते. सिमेंटच्या ओट्यांमधून विटा मांडून फेऱ्या. गाडी नुसती बघायची नाही, मनानं तिच्यात जाऊन बसायचं, असं केलं की जमतं. हे ओट्यावर बसून असतात. मला एकटीला सोडतच नाहीत. भाजीवाल्या हसतात, "सत्यशीलाबाईची व्हॅन आटली जनू!" मी म्हणते, आटली, पण पळती लई.

ताई

—

मार्फत ५६ एपीओ
११ सप्टेंबर २०२५

ताई,

काल माझी फोनची पाळी होती. आई बोलता बोलता म्हणाली, "सत्याच्या गोळ्या चालू हायेत, तू घोर लावून घिऊ नको." मी म्हटलं, कसल्या गोळ्या? तेव्हा ती म्हणाली, "म्या कायतरी बोलून बसले बग." फोन संपता संपता तिनं सांगितलं. फिट आली होती. एप्रिलमध्ये. दोनदा.

पाच महिने, ताई. नगरचं ते 'काही काम', दाजी तुला एकटीला सोडत नाहीत, व्हॅन विकली. सगळं पत्रांत होतं आणि मी बॅटरीच्या डब्याची अक्कल शिकवत बसलो. वर तुला दुसरी व्हॅन घे म्हटलं. 'तू घरी बसणारी बाई नाहीस' असं लिहिलं. ते वाचून तुला काय वाटलं असेल, या विचारानं रात्रभर पहाऱ्यावर माझं लक्ष लागलं नाही.

आता नीट ऐक. हे शर्यतीचं बंद कर. तो हॉल, तो कलकलाट, स्टेजवर तासन्‌तास उभं राहणं, हरण्या-जिंकण्याचा ताण. तिथं पडलीस तर? गाडी कपाटात ठेव. मी जानेवारीत सुट्टीवर येतो, मग बघू.

आणि माझ्यापासून का लपवलंस, ते तरी सांग.

कल्याण

—

कर्जत
२९ सप्टेंबर २०२५

कल्याण,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि एक दिवस जाऊ दिला, म्हणजे रागात लिहिणार नाही.

शनिवार होता. पोरं घरोघर सोडून आले, व्हॅन धुवायला काढली. पाण्याचा पाईप हातात होता एवढं आठवतं. डोळे उघडले तर यांनी माझं डोकं मांडीवर घेतलेलं, पाईपचं पाणी आम्हा दोघांच्या अंगावरून वाहतंय आणि हे रडतायत. यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला कळेना काय झालं. कळलं तेव्हा पहिला विचार एकच आला. थोड्या वेळापूर्वी त्याच हातात स्टिअरिंग होतं आणि मागं पोरं भेंड्या खेळत होती.

सोमवारी मी स्वतः शाळेत गेले आणि मोठ्या बाईंना सांगितलं, आजपासून दुसरी सोय करा. शाळेनं बस घेतली ती त्यानंतर. डॉक्टरांकडे त्यानंतर गेले. दुसरी फिट त्यांच्या दवाखान्यातच आली. ते म्हणाले, गोळ्या चुकवायच्या नाहीत, झोप मोडायची नाही, आणि गाडी चालवायची नाही. ते सांगायच्या आधीच मी किल्ली दिली होती. कुणी काढून घेतली नाही, कल्याण. मी दिली. एवढं एक माझं मला बरं वाटतं.

तुला का नाही सांगितलं? तू जिथं आहेस तिथं तुझं लक्ष बंदुकीवर असायला हवं, ताईवर नाही. आणि बघ, कळल्यावर लागलं नाहीच ना लक्ष?

आता शर्यतीचं. पहिला रुपया खर्चायच्या आधी मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले, म्हणाले, "खुशाल खेळा, फक्त उपाशी जाऊ नका आणि बसून खेळा." ओंकारला आणि ज्ञानेश्वरीला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. मला फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, हे तिनं सगळ्यांना उभं करून शिकवलंय. आणि बसायला काय दिलंय माहीत आहे? स्टेजवरचं नवऱ्या मुलीचं सिंहासन. लाल मखमलीचं, सोनेरी पायांचं. सगळे उभे आणि मी त्यात बसून गाडी चालवते. पहिल्या दिवशी लाजले. आता सवय झाली.

व्हॅनमध्ये मी कधीच जोरात गेले नाही. मागं दुसऱ्यांची पोरं असायची, प्रत्येक खड्ड्याला श्वास धरायचा. या गाडीत कुणीच बसलेलं नसतं. ती उलटली तर फक्त मी हसते. माझे हात अजून माझे आहेत हे मला रोज सकाळी त्या ओट्यांवर कळतं. ते कपाटात ठेवून मी काय करू?

मी एकदा थांबले, स्वतःहून. दुसऱ्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून थांबणार नाही. तू तिथं डोंगरावर आहेस म्हणून आम्हीही घाबरतो. पण तुला परत ये म्हणून कुणी पत्र लिहितं का?

एप्रिलनंतर फिट आलेली नाही. हेही लिहायचं राहिलं होतं.

आता मुद्द्याचं सांग. सर्वो कुठला घेऊ?

ताई

—

मार्फत ५६ एपीओ
१३ ऑक्टोबर २०२५

ताई,

वरती बर्फ पडायला लागलाय. हे टपाल खाली गेलं की पुढचं कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून घाईत लिहितो.

सर्वो धातूच्या दात्यांचा घे. वेगवान नसला तरी चालेल, दणकट हवा. बसवताना त्याच्या टोकाला धक्का झेलणारी स्प्रिंगची कडी मिळते, ती लाव, म्हणजे आपटलं तरी दाते वाचतील. आणि रिमोटवर चाक किती वळावं ते कमी-जास्त करायचं बटण आहे. ते कमी कर. नवा माणूस नेहमी जास्त वळवतो, गाडी मागून घसरते, आणि त्याला वाटतं टायर वाईट आहेत.

पार्थच्या गाडीबद्दल तू बरोबर होतीस. मी चाक फिरवून बघायला सांगितलं नव्हतं. मला फक्त कार्बन दिसला.

मी तुला थांब म्हटलं, कारण इथून मला दुसरं काहीच करता येत नाही. आता म्हणत नाही. दाजींना सांग, मी त्यांचा ऋणी आहे.

शर्यतीच्या दिवशी जिंकायचा विचार करू नकोस. पाच मिनिटं कुठंही न आपटता चालव. बाकीचे आपोआप मागे राहतात.

कल्याण

—

कर्जत
२८ ऑक्टोबर २०२५

कल्याण,

हे तुला कधी मिळेल ठाऊक नाही. बर्फ वितळल्यावर मिळालं तरी ताजंच वाटेल असं लिहिते.

परवाच्या रविवारी या मोसमातली शेवटची शर्यत झाली. तुळशीचं लग्न लागलं की हॉल परत वऱ्हाडाचा. आई सोनईहून आली होती. तिला मी येऊ नको म्हटलं होतं, म्हणून ती हटकून आली. पहिल्या रांगेत बसली आणि शेजारच्या माणसाला म्हणाली, "ती खुर्चीवर बसलीय ना, ती माजी." सृष्टी लोणीहून थेट आली, तिच्या नर्सिंगच्या मैत्रिणींना घेऊन. त्यामुळे मला फिट आली असती तर सांभाळायला अख्खी फौज हजर होती.

सकाळच्या फेऱ्यांत माझा वेळ मधला आला, म्हणून दुपारी 'ब' गटाच्या अंतिम शर्यतीत घातलं. नियम असा की 'ब' जो जिंकेल तो 'अ' मध्ये, म्हणजे वेगवानांच्या शर्यतीत, सगळ्यांत मागून सुटतो. तू सांगितलंस तसं मी फक्त न आपटता चालवत राहिले. पहिल्या वळणाला पुढचे तिघं एकमेकांत अडकले, मी बाहेरून वळसा घातला. मग माझ्या पुढं कुणी नव्हतं. ओंकार माइकवर माझं नाव घेत होता, पण मला बऱ्याच वेळानं कळलं की ते माझंच नाव आहे.

'अ' ला ज्ञानेश्वरी सगळ्यांत पुढं, मी शेपटाला. ती कुणाच्या हाती लागणारी नव्हतीच. पण बाकीचे दमले, घसरले, पाईपात शिरले. मी एकेकाला मागं टाकत गेले. शेवटच्या फेरीला माझ्या पुढं एक निळी गाडी होती, तिसऱ्या नंबरावर. स्टेजसमोरच्या वळणाला तिनं आतून थोडीशी जागा सोडली. रस्त्यावर असती तर अशा जागेत मी जन्मात घुसले नसते. हॉर्न दिला असता, मागं राहिले असते, पोरांना म्हटलं असतं, जाऊ द्या त्याला.

घुसले.

दोन्ही गाड्या घासल्या नाहीत की काही नाही. बोटभर अंतर राहिलं असेल. बाहेर निघाले तेव्हा मी तिसरी होते आणि रेषा समोर होती. मी सिंहासनावरून ताडकन उठून उभी राहिले, आणि खाली एकदम सगळे घाबरले! ज्ञानेश्वरी रिमोट टाकून धावली, सृष्टीच्या मैत्रिणी स्टेजवर चढल्या, हे तर रांग तुडवत आले. मी म्हटलं, "अहो काही न्हाई झालं, मी तिसरी आले!" तेव्हा कुठं हॉल हसला. आई तेवढी हसली नाही. ती डोळे पुसत म्हणत होती, "तुला बसून ऱ्हायला काय हुतं गं?"

नंतर सगळ्यांनी मिळून गालिचा गुंडाळला आणि आम्ही शेवटची एसटी धरली. आई आणि सृष्टी पुढच्या सीटवर, मी खिडकीशी, हे माझ्या शेजारी. एप्रिलपासून कुणाच्याही गाडीत बसले की माझा उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा. प्रत्येक वळणाला ब्रेक, प्रत्येक ट्रकला ब्रेक. घरी पोचेपर्यंत पोटरी भरून यायची. यांना ठाऊक होतं, कधी बोलले नाहीत.

परवा मिरजगावला यांनी खांदा हलवला. म्हणाले, "ऊठ गं, कर्जत येईल आता." मी विचारलं, मी झोपले होते? म्हणाले, "घोगरगावपास्नं. घोरत हुतीस."

चालत्या गाडीत मी आयुष्यात कधी झोपले नव्हते, कल्याण. बाहेर अंधार होता, एसटी खडखडत होती आणि ड्रायव्हर आपला रस्ता बघत होता. मी डोकं परत यांच्या खांद्यावर टेकलं.

ताई